डाख आणि इंधन : मालवण किनाऱ्यावरील तांब्याच्या लहान बाष्पकांचा ऐतिहासिक विचार

गोषवारा

तांब्याचे पात्र विस्तवावर ठेवून पाणी तापविण्याची व वाफ धरण्याची परंपरा दक्षिण कोकणात जुनी आहे. घरातील बंब, मद्याच्या भट्टीवरील भाण आणि वाफेचे लहान बाष्पक ही या परंपरेची तीन रूपे होत. या पात्रांचे आयुष्य पत्र्याच्या जाडीपेक्षा जोडावर, म्हणजे तांबटाने दिलेल्या डाखावर, अधिक अवलंबून असते. डाखाचा मिश्रधातू व इंधन या दोन स्वतंत्र निवडी नसून ती एकच निवड आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. या दृष्टीने सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या किनारी भागातील तांबेकामाचा, तेथे आलेल्या आगबोटींचा आणि बाष्पकविषयक कायद्याचा परामर्श येथे घेतला आहे.

बीजशब्द : तांबटकाम, डाख, टाकणखार, लोणारी कोळसा, बंब, भाण, बाष्पक.

प्रस्तावना

कोकणच्या आर्थिक इतिहासात बंदरे, गलबते, नारळ, काजू व मुंबईकडे होणारे स्थलांतर यांचा विचार विपुल झाला आहे. त्या मानाने धातुकामाच्या तंत्राकडे कमी लक्ष गेले. तांबट, कासार, लोहार व सोनार यांची नोंद बहुधा जातिव्यवसाय म्हणून होते. त्यांच्या हातातील ज्ञानाची नोंद क्वचितच होते. वस्तुतः तांबटकाम हे निर्णयांचे शास्त्र आहे. कोणत्या जाडीचा पत्रा घ्यावा, जोड कोठे यावा, त्यात कोणता धातू वितळवावा आणि तो कोणत्या कोळशावर वितळवावा, हे प्रश्न प्रत्येक पात्राच्या वेळी नव्याने सोडवावे लागतात.

तांब्याच्या तापपात्राच्या बाबतीत इंधनाचा संबंध दोनदा येतो, ही गोष्ट प्रथम लक्षात घेतली पाहिजे. एकदा पात्र घडविताना, डाख वितळविण्यासाठी. आणि दुसऱ्यांदा पात्र वापरताना, पाणी तापविण्यासाठी. पहिल्या विस्तवाने जोड तयार होतो, दुसऱ्या विस्तवासमोर तो टिकावा लागतो. या दोन विस्तवांमधील नाते बदलले की पात्राचे स्वरूपही बदलते. मालवण, वेंगुर्ले, देवगड या पट्ट्यातील इतिहास या नात्याच्या आधारे पाहिल्यास तांब्याचे बाष्पक येथे लहानच का राहिले, याचा उलगडा होतो.

१. समुद्रमार्गे आलेला धातू, डोंगरातून आलेले इंधन

दक्षिण कोकणात तांब्याच्या खाणी नाहीत. रेडीच्या परिसरात लोहखनिज सापडते. तांबे मात्र बाहेरूनच आणावे लागले. सतराव्या शतकात वेंगुर्ल्यास डचांची वखार होती आणि त्या काळी डच कंपनीच्या आशियाई व्यापारात जपानी तांबे हा महत्त्वाचा माल होता. पुढे इंग्रजी अमलात विलायती तांब्याचा पत्रा मुंबईमार्गे येऊ लागला. मुंबईतील पायधुणीजवळचा तांबाकाटा हे नाव आजही त्या व्यापाराची आठवण देते. १८१२ च्या तहाने मालवण कोल्हापूरकरांकडून इंग्रजांकडे गेले, तेव्हापासून या किनाऱ्याचा मुंबईच्या बाजारपेठेशी संबंध अधिकाधिक घट्ट होत गेला.

धातू परका असला तरी इंधन स्थानिक होते. सह्याद्रीच्या उतारावरील ऐन, किंजळ यांसारख्या झाडांपासून लोणारी कोळसा पाडला जाई. किनाऱ्यावर नारळाची सोडणे, चुडते व करवंट्या यांचा तोटा नव्हता. करवंटीचा कोळसा घट्ट असतो आणि तो सावकाश व एकसारखा जळतो. कोरड्या लाकडाच्या एका किलोपासून साधारण १५ ते १८ मेगाज्यूल उष्णता मिळते, तर चांगल्या लाकडी कोळशापासून सुमारे ३० मेगाज्यूल. परंतु तांबटाच्या दृष्टीने कोळशाचा मोठा गुण त्याच्या उष्णतेत नसून स्वच्छतेत आहे. लाकडी कोळशात गंधक जवळजवळ नसते, ज्वाळा व धूर कमी असतो आणि भात्याच्या वाऱ्याने त्याची आच हवी तेवढी वाढविता किंवा उतरविता येते. दगडी कोळशात हे तीनही गुण एकत्र मिळत नाहीत. पुढील विवेचनात या भेदाचे महत्त्व स्पष्ट होईल.

कोकण व तांबटकाम यांचा संबंध केवळ स्थानिक गरजेपुरता नव्हता. पुण्याच्या तांबट आळीतील कारागिरांची परंपरा आपले मूळ कोकणाकडे सांगते. ऐरणीवरील ठोक्यांसारखा आवाज काढणाऱ्या पक्ष्याला मराठीत तांबट हेच नाव मिळाले, यावरून हा आवाज लोकजीवनात किती परिचित होता हे दिसते.

२. डाखाची निवड

शुद्ध तांबे १०८५ अंश सेल्सिअस तापमानाला वितळते. दोन तांब्याचे पत्रे जोडावयाचे तर त्याहून कमी तापमानाला वितळणारा आणि तांब्याला घट्ट धरणारा धातू हवा. या गरजेतून डाखाचे दोन वर्ग पडतात. त्यांना येथे मऊ डाख व पक्का डाख असे म्हटले आहे.

मऊ डाख कथील व शिसे यांच्या मिश्रणाचा असतो. कथील २३२ अंशांना व शिसे ३२७ अंशांना वितळते; पण ठरावीक प्रमाणात एकत्र केल्यास हे मिश्रण १८३ अंशांनाच पातळ होते. थोड्या आचेवर काम होत असल्याने तो सोपा व स्वस्त पडतो. तांब्याच्या बाष्पकाला मात्र तो निरुपयोगी आहे. हवेच्या दाबाखाली पाणी १०० अंशांना उकळते, परंतु बंद पात्रात दाब वाढेल तसे वाफेचे तापमानही वाढते. चौरस सेंटिमीटरला सुमारे ७ किलो दाबाला ते १७० अंशांच्या आसपास आणि १० किलो दाबाला १८४ अंशांच्या आसपास जाते. म्हणजे मऊ डाखाचे वितळणे आणि वाफेचे तापणे एकाच बिंदूवर येऊन भेटतात. वितळण्याच्या बऱ्याच आधी हा डाख ढिला पडतो, हे लक्षात घेता दाबाच्या पात्रात त्याला स्थान असू शकत नाही.

तांबटाचा खरा आधार पक्का, म्हणजे पितळी डाख होय. पितळ हे तांबे व जस्त यांचे मिश्रण असून जस्ताचे प्रमाण वाढविले की त्याचा वितळणबिंदू उतरतो. तांबे व जस्त जवळपास निम्मेनिम्म घेतल्यास डाख सुमारे ८७० अंशांना वाहू लागतो. तांब्याचा वितळणबिंदू व डाखाचा वाहणबिंदू यांत अशा रीतीने सुमारे दोनशे अंशांचे अंतर मिळते. तापमापक नसलेल्या कारागिराला हे अंतर म्हणजेच सुरक्षिततेची मर्यादा होती. जस्त अधिक घातल्यास डाख लवकर वाहतो, पण ठिसूळ होतो. कमी घातल्यास जोड चिवट येतो, पण पत्राच वितळण्याचा धोका वाढतो. जस्ताच्या प्रमाणाची निवड ही अशी तडजोड होती.

तापमापकाचे काम टाकणखार करीत असे. जोडावर पसरलेला टाकणखार प्रथम फुगतो, त्यातील पाणी उडून जाते आणि सुमारे ७४० अंशांना तो काचेसारखा पातळ होतो. तांब्यावरील काट तो विरघळवितो व धातू उघडा करतो. टाकणखार काचेसारखा झाला की डाख वाहण्यास आणखी थोडी आच हवी, हे कारागिराला कळते. त्यानंतर पितळी कण अचानक चमकून फटीत शिरतात. आच याहून वाढली तर ९०७ अंशांना उकळणारे जस्त डाखातून निघू लागते व पांढरा धूर दिसतो. तो भाता थांबविण्याचा इशारा होय. काचेचे पातळ होणे, डाखाचे चमकणे व पांढरा धूर या तीन खुणांमध्ये संपूर्ण तापमानपट्टी सामावलेली आहे.

जोडाची रचनाही विचारपूर्वक केलेली असे. पत्र्याच्या कडेला खाचा पाडून दाते काढीत, ते एकाआड एक दुसऱ्या कडेच्या खाली-वर बसवीत आणि ठोकून घट्ट करीत. त्यानंतर डाख दिला जाई. या दात्यांमुळे जोडाचा पृष्ठभाग वाढतो, आणि डाख एकट्याने ताण सोसण्याऐवजी तांबेच तांब्याला धरते. एकाच पात्रात अनेक जोड असल्यास पहिला जोड अधिक तापमानाच्या डाखाने व नंतरचा कमी तापमानाच्या डाखाने देणे आवश्यक ठरते. अन्यथा बूड बसविताना अंगाचा जोड सुटतो. हा क्रम चुकणे म्हणजे संपूर्ण काम वाया जाणे होय.

तिसरा पर्याय चांदीच्या डाखाचा. तांबे व चांदी यांचे ठरावीक मिश्रण ७८० अंशांना वितळते; त्यात जस्त इत्यादी मिसळल्यास तापमान ६५० अंशांच्या जवळपास आणता येते. असा जोड मजबूत, चिवट व पाण्यात टिकणारा असतो. सोनारांना हे तंत्र अवगत होते, परंतु मोठ्या पात्रांसाठी त्याची किंमत परवडणारी नव्हती. शिवाय इतक्या कमी तापमानाला टाकणखार पुरेसा पातळ होत नाही. त्यासाठी फ्लोराइडयुक्त वेगळा खार लागतो. तांबटाच्या शेगडीपर्यंत चांदीचा डाख सहजासहजी का पोहोचला नाही, याचे उत्तर किमतीबरोबर या तांत्रिक अडचणीतही आहे.

३. बंब : पाण्याने राखलेला जोड

महाराष्ट्रातील घराघरांत दिसणारा तांब्याचा बंब हा वाफेच्या बाष्पकाचा जवळचा नातलग आहे. बंब हा शब्द पोर्तुगीज बोंबा या शब्दाशी जोडला जातो. बाहेरचे उभे पिंप, त्याच्या मधोमध वर जाणारी नळी, नळीच्या तळाशी जाळी, खाली राख पडण्याची जागा आणि बाजूला पितळेची तोटी, अशी त्याची रचना असते. विस्तव नळीत व पाणी नळीभोवती असल्याने उष्णता फारशी वाया जात नाही. उभ्या अग्निनलिका बाष्पकाचे तत्त्वही हेच आहे. फरक एवढाच, की बंबाचे तोंड हवेला खुले असल्याने त्यात दाब साठत नाही.

या रचनेतील सर्वांत नाजूक जागा म्हणजे नळी व बूड यांचा जोड. तेथे एका अंगाला धगधगता विस्तव व दुसऱ्या अंगाला पाणी असते. वरकरणी हा जोड सर्वप्रथम निकामी व्हावयास हवा; परंतु तांबे उष्णता झपाट्याने वाहून नेत असल्यामुळे, पाणी असेपर्यंत पत्र्याचे व जोडाचे तापमान पाण्याच्या तापमानाहून फार वर जात नाही. पाणी संपले की हे संरक्षण नाहीसे होते. पाणी भरल्याशिवाय बंब पेटवू नये, हा घरातील दंडक या भौतिक नियमावर आधारलेला आहे. बाष्पकाच्या इतिहासातील अनेक अपघातांच्या मुळाशी पाण्याची पातळी उतरणे हेच कारण आढळते. घरातील ज्येष्ठ स्त्रिया जो नियम मुलांना सांगत, तोच कारखान्यातील बाष्पकचालकाला परीक्षेसाठी शिकावा लागतो.

किनाऱ्यावर आणखी एक प्रश्न उद्भवतो. समुद्र व खाडीलगतच्या विहिरींचे पाणी अनेक ठिकाणी मचूळ असते. अशा क्षारयुक्त गरम पाण्यात पितळी डाखातील जस्त हळूहळू निघून जाते व मागे तांबूस, सच्छिद्र, ठिसूळ अवशेष उरतो. बाहेरून जोड शाबूत दिसतो, पण तो झिरपू लागतो. जस्ताचे प्रमाण जितके अधिक, तितका हा दोष बळावतो. सहज वाहणारा डाख कारागिराला सोयीचा असला तरी किनाऱ्यावरील गिऱ्हाइकाला तो कमी काळ पुरतो. देशावर वर्षानुवर्षे टिकणारा डाख मचूळ पाण्याच्या गावात तसाच टिकेल असे गृहीत धरता येत नाही.

बंबाला चुडते, सोडणे, काटक्या किंवा कोळसा असे कोणतेही इंधन चालते. गंधक नसलेले हे इंधन तांब्याला व पितळी डाखाला फारसे बाधत नाही. तांबे, पितळी डाख, स्थानिक इंधन आणि दाबविरहित पाणी या चारही गोष्टी बंबात एकमेकींना पूरक ठरल्या. बंबाच्या दीर्घायुष्याचे रहस्य या मेळात आहे.

४. भट्टीवरील भाण : डाख, आरोग्य आणि अबकारी

वाफ धरणारे दुसरे पात्र म्हणजे मद्याच्या भट्टीवरील भाण. मालवण किनाऱ्यावरील भंडारी समाजाचा माड काढण्याचा व्यवसाय जुना असून माडीपासून मद्य गाळण्याची परंपराही त्याच्याशी निगडित होती. पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात आणलेला काजू गोवा व लगतच्या मुलखात रुजल्यावर काजूच्या बोंडांच्या रसापासून उराक व फेणी गाळण्याचे तंत्र विकसित झाले. मातीच्या भाणाची जागा पुढे अनेक ठिकाणी तांब्याच्या भाणाने घेतली. भाणातून निघालेली वाफ नळीवाटे लावणी नावाच्या पात्रात थंड होते.

येथे नळीचा सांधा वारुळाच्या मातीने लिंपण्याची रीत लक्षवेधी आहे. धातूचा सांधा शक्य असताना माती का, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. माती लिंपलेला सांधा दरवेळी उघडता येतो, ही सोय उघड आहे. त्याचबरोबर नळी तुंबून आत दाब वाढलाच, तर सर्वांत दुबळा असलेला हा मातीचा सांधाच आधी सुटतो आणि डाखाचा जोड वाचतो. त्यामागचा हेतू कोणताही असो, परिणाम बाष्पकावरील सुरक्षा झडपेसारखाच होतो.

भाणाच्या डाखाला आरोग्याचीही बाजू आहे. आंबलेला रस आम्लधर्मी असतो. शिसे असलेला मऊ डाख त्याच्या किंवा त्याच्या वाफेच्या संपर्कात आल्यास शिसे मद्यात उतरते, आणि शिशाची विषबाधा सावकाश व नकळत होते. म्हणून भाणाला पक्का डाख देणे ही केवळ टिकाऊपणाची बाब राहत नाही. तांबटाच्या कामातील कसूर येथे पिणाऱ्याच्या शरीरात जाऊन पोहोचते.

१८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने मद्य गाळण्यावर कडक नियंत्रण आणले. परवान्याविना भट्टी ठेवणे गुन्हा ठरला व माडांवरील कराचा बोजा भंडाऱ्यांना जाणवू लागला. पुढे १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने हे नियंत्रण अधिक कठोर केले. गोव्यात मात्र परवानाधारक भट्ट्या चालू राहिल्या आणि २००९ मध्ये फेणीला भौगोलिक निर्देशन मिळाले. परिणामी एकाच भूभागातील, एकच बोली जवळ असलेल्या लोकांचे एकच कौशल्य सीमेच्या एका बाजूला प्रतिष्ठित वारसा झाले, तर दुसऱ्या बाजूला लपविण्याची गोष्ट झाली. लपविलेल्या भट्टीला चांगला तांबट बोलाविता येत नाही. तेथे मिळेल ते भांडे व मिळेल तो डाख वापरला जातो. कायद्याचा कारागिरीवरील हा परिणाम महसुलाच्या आकड्यांत दिसत नाही.

५. आगबोट आणि दगडी कोळसा

वाफेच्या यंत्राच्या आरंभीच्या इतिहासात तांब्याला मानाचे स्थान होते. अठराव्या शतकाच्या आरंभी न्यूकोमेनच्या सुरुवातीच्या यंत्राचे पात्र तांब्याचे व त्यावरील घुमट शिशाचा होता. सुरुवातीच्या आगबोटींत बाष्पकाला समुद्राचेच पाणी पुरविले जाई. खाऱ्या पाण्याला लोखंडापेक्षा तांबे अधिक तोंड देत असल्यामुळे अनेक आगबोटींवर तांब्याचे बाष्पक बसविले गेले. त्या वेळी वाफेचा दाब अगदी कमी असल्याने हे शक्य होते.

मुंबई बंदर या घडामोडींच्या केंद्रस्थानी होते. मुंबईत बांधलेली ह्यू लिंडसे ही आगबोट २० मार्च १८३० रोजी सुएझकडे निघाली. तिच्या प्रवासातील मुख्य अडचण इंधनाची होती. जहाजात मावणारा कोळसा एडनपर्यंत पुरेना, म्हणून प्रवाशांच्या जागेतही कोळसा भरावा लागला. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळविणारे अर्देशीर कर्सेटजी वाडिया यांनी १८३३ मध्ये इंडस या जहाजात विलायती यंत्र बसविले होते. मुंबईत यंत्रविद्येचा असा पाया पडत असताना कोकणातील तांबट या नव्या उद्योगाच्या बाहेरच राहिले.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईहून निघणाऱ्या आगबोटी देवगड, मालवण, वेंगुर्ले या बंदरांना लागू लागल्या. पावसाळा वगळता चाकरमान्यांचे येणे-जाणे त्यांवर चाले. परंतु तोवर वाफेचे तंत्र पालटले होते. वापरलेली वाफ थंड करून तेच गोडे पाणी पुन्हा बाष्पकात घेण्याची सोय झाल्याने खाऱ्या पाण्याचा प्रश्न मिटला. इंधनाची बचत करण्यासाठी दाब वाढविण्यात आला. प्रथम लोखंड व पुढे पोलाद हे बाष्पकाचे द्रव्य ठरले. जहाजे व त्यांची बाष्पके बहुतांशी विलायतेतील गोद्यांत तयार होत. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला जाताना बुडालेली व सहाशेहून अधिक प्रवाशांसाठी काळ ठरलेली रामदास ही बोटदेखील १९३६ मध्ये इंग्लंडमधील स्वान हंटर गोदीत बांधलेली होती. किनारा कोकणचा, प्रवासी कोकणचे, पण यंत्र व बाष्पक परदेशी, अशी ही स्थिती होती.

तांबे मागे का पडले, हे साध्या हिशेबाने दाखविता येते. गोल पात्राच्या अंगावरील ताण काढण्यासाठी दाबाला व्यासाने गुणून दुप्पट जाडीने भागावे लागते. बंबाच्या आकाराचे, ३० सेंटिमीटर व्यासाचे व १ मिलिमीटर पत्र्याचे पात्र घेतल्यास, चौरस सेंटिमीटरला १ किलो दाबाला पत्र्यावर १५० किलोचा ताण येतो. दाब ७ किलो केला की हा ताण १०५० किलोवर जातो. डाख देताना लाल तापविलेले तांबे मऊ पडते आणि मऊ तांबे चौरस सेंटिमीटरला साधारण ५०० ते ७०० किलो ताणालाच कायमचे ताणले जाऊ लागते. म्हणजे असे पात्र सुरक्षा राखणे दूरच, आपला आकारही टिकवू शकत नाही. तेच ८ सेंटिमीटर व्यासाचे व दीड मिलिमीटर पत्र्याचे लहान पात्र ७ किलो दाबाला केवळ १८७ किलोच्या आसपास ताण सोसते. प्रयोगशाळेतील किंवा नमुना-यंत्राचे लहान बाष्पक आजही तांब्याचे करता येते व मोठे करता येत नाही, याचे कारण या गणितात आहे. दोनशे अंशांच्या पुढे तांब्याचे बळ झपाट्याने घटते, ही दुसरी मर्यादा होय.

इंधनाचा मुद्दा याहून सूक्ष्म आहे. दगडी कोळशातील गंधकामुळे तापलेल्या तांब्यावर व काही डाखांवर विपरीत परिणाम होतो. लाकडी कोळशाच्या विस्तवात बेतलेला जोड दगडी कोळशाच्या धुरात तसाच वागेल, ही अपेक्षा चुकीची आहे. तथापि ब्रिटिश पद्धतीच्या रेल्वे इंजिनांत भट्टीपेटी दीर्घकाळ तांब्याची असे, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. तेथे पत्रा जाड असे, सपाट बाजूंना जवळजवळ खिळ्यांचा आधार दिलेला असे आणि जोड डाखाचे नसून रिव्हेटचे असत. तांबे टिकले ते वेगळ्या जोडामुळे. दगडी कोळशाच्या आगीतून माघार घेतली ती तांब्याने नव्हे, डाखाने.

६. कायद्याची रेषा

बाष्पकांच्या तपासणीचा कायदा भारतात अपघातातून आला. १८६३ मध्ये कलकत्त्यात झालेल्या भीषण स्फोटानंतर १८६४ मध्ये बंगालमध्ये पहिला कायदा झाला. पुढे १९२३ च्या भारतीय बाष्पक अधिनियमाने देशभर एकसूत्रता आणली. त्यात पाच गॅलनपेक्षा, म्हणजे पुढील मेट्रिक मापानुसार २२.७५ लिटरपेक्षा, अधिक क्षमतेचे बंद पात्र बाष्पक मानले गेले. २००७ च्या दुरुस्तीने ही मर्यादा २५ लिटर झाली. २०२५ मध्ये १९२३ च्या अधिनियमाची जागा नव्या कायद्याने घेतली. ३० सेंटिमीटर व्यासाचे व ३२ सेंटिमीटर उंचीचे पात्र जवळपास २२.६ लिटरचे होते. म्हणजे मध्यम आकाराचा बंब कायद्याच्या रेषेला जवळजवळ भिडतो. मात्र तो उघडा असल्याने कायद्याच्या कक्षेत येत नाही.

या रेषेचा अर्थ नीट समजून घेणे आवश्यक आहे. रेषेच्या वर तपासणी, नोंदणी व प्रमाणित द्रव्य आवश्यक असते. रेषेखाली सर्व भार कारागिराच्या विवेकावर पडतो. वर केलेल्या हिशेबाप्रमाणे, २० लिटरचे बंद पात्र पातळ तांब्याचे करून त्यात दाब धरल्यास ते धोकादायक ठरेल, जरी ते क्षमतेच्या मर्यादेखाली असले तरी. कायद्याने सूट दिली म्हणून पात्र सुरक्षित झाले, असे होत नाही.

सिंधुदुर्गात आज वाफेचा वापर प्रामुख्याने काजू प्रक्रियेत दिसतो. वेंगुर्ल्याच्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्राने काजूच्या सुधारित जाती दिल्या, लागवड वाढली व लहान प्रक्रिया केंद्रे उभी राहिली. बी फोडण्यापूर्वी तिला वाफ दिली जाते. त्यासाठी वापरात असलेली लहान बाष्पके पोलादी असतात व लाकूड किंवा काजूची टरफले हे त्यांचे इंधन असते. इंधन पुन्हा स्थानिक झाले, परंतु पात्र तांब्याचे राहिले नाही व ते घडविणाराही तांबट राहिला नाही. वेल्डिंगने डाखाची जागा घेतली.

७. आजची दुरुस्ती आणि जोडाचे वाचन

जुने बंब, मोदकपात्रे व भाण अद्याप अनेक घरांत आहेत. त्यांची दुरुस्ती बहुधा शीतपेट्या दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे जाते. त्याच्याकडे गॅसची बत्ती व तांबे-फॉस्फरसाची कांडी असते. हा मिश्रधातू सुमारे ७१० अंशांपासून वितळू लागतो व तांब्यावर त्याला टाकणखाराचीही गरज लागत नाही. त्यामुळे काम झटपट होते. मात्र गंधकयुक्त धुरात हा जोड कुजतो, आणि लोखंडाच्या तुकड्याला तो लावल्यास ठिसूळ होऊन सुटतो. चुडते किंवा लाकडी कोळसा जाळणाऱ्या बंबाला तो चालेल. दगडी कोळशावरील बाष्पकाला चालणार नाही. पूर्वीच्या काही चांदीच्या कांड्यांत कॅडमियम असे व त्याचा धूर प्राणघातक ठरू शकतो. ऑक्सि-ॲसिटिलीनच्या ज्योतीत हायड्रोजन अधिक राहिल्यास सामान्य तांब्यातील ऑक्साइडशी त्याचा संयोग होऊन पत्र्याच्या आतच वाफ तयार होते व बारीक भेगा पडतात. इंधन बदलले की डाखाचा विचार पुन्हा करावा लागतो, हे तत्त्व आजही कायम आहे.

इतिहासाच्या अभ्यासकाला या पात्रांचे जोड हे दस्तऐवजासारखे वाचता येतात. दात्यांच्या जोडात दिसणारी पिवळी रेघ पितळी डाखाची, करडी रेघ कथील-शिशाची, पांढुरकी चकाकती रेघ चांदीची, तर एकसंध तांबूस शिवण आधुनिक वेल्डिंगची साक्ष देते. एकाच बंबावर पिवळी, करडी व राखाडी ठिगळे आढळल्यास त्या घराच्या तीन पिढ्यांची आर्थिक स्थिती, गावातील तांबट निघून जाण्याचा काळ व नव्या कारागिराचे आगमन यांचा क्रम लावता येतो. लेखी पुरावा न ठेवणाऱ्या समाजांच्या इतिहासासाठी या साधनाचे मोल मोठे आहे. ही पात्रे आज मोडीत वजनावर विकली जातात. वितळविल्यावर तांबे परत मिळते. जोड मात्र कायमचा नाहीसा होतो.

निष्कर्ष

१. तांब्याच्या तापपात्रात डाखाचा मिश्रधातू व इंधन यांची निवड परस्परावलंबी आहे. लोणारी कोळसा, टाकणखार व पितळी डाख हा दक्षिण कोकणातील तांबटकामाचा सुसंगत मेळ होता.

२. मचूळ पाणी, आम्लधर्मी रस व दाब या तीन घटकांनी डाखाच्या निवडीवर स्थानिक मर्यादा घातल्या. बंब व भाण या पात्रांनी त्या मर्यादा वेगवेगळ्या रीतीने सांभाळल्या.

३. तांब्याचे बाष्पक लहान राहिले याचे कारण कारागिरीची उणीव नव्हे. वाढलेला दाब, पात्राचा व्यास, दगडी कोळसा आणि परदेशातून तयार येणारी यंत्रे ही त्याची कारणे होत.

४. अबकारी, दारूबंदी व बाष्पकविषयक कायद्यांनी या कौशल्याची क्षेत्रे ठरविली. काही ठिकाणी त्यांनी सुरक्षितता वाढविली, तर काही ठिकाणी चांगले काम आडोशाला ढकलले.

५. महाविद्यालयांतील इतिहास, रसायनशास्त्र व पदार्थविज्ञान या विभागांनी एकत्रितपणे आपल्या परिसरातील तांब्याच्या पात्रांची छायाचित्रे, मापे व जोडांचे प्रकार यांची नोंद करणे शक्य आहे. त्यासाठी मोठ्या साधनसामग्रीची गरज नाही. पात्र मोडीत जाण्यापूर्वी ही नोंद होणे, एवढीच एक अट आहे.